पिशवीची आतली बाजू

"चोरीला काय गेलंय?" वहिनींनी विचारलं.

"कागदाची पिशवी," समोर बसलेली बाई म्हणाली. "पाव ठेवायची."

भाऊजींनी हसू दाबायला खोकल्याचं निमित्त केलं. वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की तो खोकलाही घशातच राहिला.

वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून काढले होते. आता त्या घरूनच खासगी तपास करत. अख्खी वस्ती त्यांना वहिनीच म्हणे, संशयितसुद्धा. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, निवृत्त बस कंडक्टर. ते प्रत्येक तपासाला बरोबर जात आणि न चुकता भलत्याच माणसावर संशय घेत. बाहेर पडायचं म्हटलं की आधी खिशातला आरसा आणि कंगवा निघे. आत्ताही निघाला होता.

"कुठून गेली पिशवी?"

"वाचनालयातल्या प्रदर्शनातून. काल दुपारी."

ते प्रदर्शन वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं? बावीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला जुन्या बाजारातली तेरा दुकानं पाडली होती. चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांनी त्या दुकानांची लेबलं, बिलं, कॅलेंडरं, टॉकीजची तिकिटं, जे मिळेल ते जमवून काचेच्या पेट्यांत मांडलं होतं. आठवडाभर लोक रुमाल घेऊन येत होते. भाऊजी तीनदा जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा टॉकीजच्या तिकिटापाशी त्यांना हुंदका आला होता.

"कुठल्या दुकानाची पिशवी?"

"बेकरीची. मी बेकरीवाल्यांची मुलगी."

भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले. वहिनींनी स्वच्छ असलेला चष्मा काढून पुन्हा पुसला.

"तुम्हाला माहीत असेलच," मुलगी म्हणाली. "सगळ्यांनी शपथ घेतली होती, दुकान सोडायचं नाही. मग कुणीतरी संमती दिली आणि नाव आलं बाबांवर. शेवटचे आठ महिने दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही. शटरवर रोज एक पाटी लागायची, 'फितुराचा पाव नको'. काय सुरेख अक्षर होतं! शाळेला जाताना मी ती पाटी वाचायचे. दुकान पडलं आणि वर्षभरात बाबाही गेले. नव्या संकुलात गाळा मिळत होता, पण त्यांनी अर्जच केला नाही. लोक म्हणाले, मन खातंय."

"ते काय म्हणायचे?"

"मी सही केली नाही, एवढंच. मग कुणी केली, असं विचारलं की गप्प बसायचे."

पिशवी तिने हौसेने दिली होती. तेरा दुकानांच्या रांगेत बाबांचंही दुकान दिसावं, एवढीच इच्छा. मास्तरांनी पिशवी लावली आणि खाली कार्ड लिहिलं: 'बेकरी. रस्ता रुंद करायला संमती देणारं दुकान.' तिने हातापाया पडून सांगितलं, हे खोटं आहे. मास्तर म्हणाले, पुरावा आण. आज पाच वाजता प्रदर्शन संपणार होतं आणि उद्या त्याचं पुस्तक छापायला जाणार होतं, त्या कार्डासकट.

"म्हणजे पिशवीही गेली आणि पुस्तकात बाबा कायमचे फितूर," मुलगी म्हणाली. "वहिनी, दुकानाचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. मी त्यात रिबिनी ठेवायचे."

"पिशवी कशी होती?"

"घरीच केलेली. बाजारातल्याच छापखान्याची रद्दी बाबा आणायचे, आई खळ लावून पिशव्या करायची. कोरी बाजू बाहेर, तिच्यावर बाबांचा शिक्का. आत काहीतरी छापलेलं असायचंच, सगळ्याच पिशव्यांच्या आत. कोण वाचतंय! आईला तर अक्षरओळखच नव्हती."

वहिनी उठल्या. "चला, भाऊजी. केस बसले तुमचे."

वाचनालयाच्या दालनात सहा काचेच्या पेट्या होत्या. चौथ्या पेटीत एक रिकामा चौकोन होता आणि त्याच्या खाली ते कार्ड. शेजारी घड्याळाच्या दुकानाची चिनी मातीची पाटी होती. जुन्या वस्तूंचा व्यापारी तिच्यासाठी दोनदा येऊन गेला होता. तिला कुणी हात लावला नव्हता.

"काय अक्षर आहे मास्तरांचं!" भाऊजी कार्डावर वाकले. "ओळीच्या शेवटी ते इवलंसं पान बघा, वहिनी. हुबेहूब!"

वहिनींनी पान पाहिलं. नको तितका वेळ पाहिलं.

मास्तर रागावलेलेच होते. "मला कशाला चोरावी लागेल? वस्तू माझ्या ताब्यात, किल्ली हातभर अंतरावर. घरी न्यायची असती तर उघड नेली असती. आणि खरं सांगू का, ती पिशवी मी फक्त रांग पुरी व्हावी म्हणून लावली. बेकरीचं दुसरं काहीच मिळेना. बाकीच्या दुकानांचं लोकांनी जिवापाड जपलंय. बेकरीचं सगळ्यांनी फेकून दिलं."

ग्रंथपाल बाईंनी पेटीची किल्ली दाखवली. ती त्यांच्या टेबलामागच्या खिळ्यावर सगळ्यांना दिसेल अशी लटकत होती.

"सहा दिवस पिशवी सुखरूप होती," वहिनी म्हणाल्या. "काल दुपारी वेगळं काय झालं?"

"काही नाही हो. तीन वाजता पेट्यांमध्ये मागून दिवे लावले एवढंच. म्हातारी माणसं म्हणत होती, नीट दिसत नाही. बाकीचं सगळं छान उठून दिसलं, पिशवी मात्र कळकट वाटायला लागली. आतून मुंग्यांची रांग चालल्यासारखे काळे डाग. पाच वाजता बघते तर गायब. चोर पण टापटिपीचा हो! पिशवीच्या चार टाचण्या माझ्या या ट्रेमध्ये टाचण्यांच्या खणात परत ठेवून गेलाय. आमच्याकडे तर सगळे क्लिपांच्या खणात टाकतात."

"तीन ते पाच कोण आलं होतं?"

नोंदवहीत दोनच नावं होती. स्टुडिओवाले आणि छापखानेवाले काका. जुन्या बाजारात दोघांची दुकानं होती. दोघेही रोज इथे पेपर वाचायला येत आणि या क्षणीही समोरासमोर बसले होते.

"स्टुडिओवालाच," भाऊजी कानाशी कुजबुजले. "डोळे बघा कसे लबाड आहेत."

"मोतीबिंदू झालाय त्यांना," वहिनी म्हणाल्या.

स्टुडिओवाल्यांचं टेबल म्हणजे उकिरडा होता. कॅमेरा, झाकणं, वायरी, अर्धं बिस्किट. "मी साडेतीनला आलो. पुस्तकासाठी पेट्यांचे फोटो काढायचे होते. दिवे नवीन, म्हटलं झकास येतील. आले पण. त्या पिशवीचाही काढला, पण डागच डाग. बेकरीवाल्याचं कधी काही सरळ होतं का?"

"मला चौथ्या पेटीचा फोटो मोठा करून देता? भाऊजींना आठवण म्हणून हवाय."

"त्यात काय, तासाभरात देतो," म्हणून ते उत्साहाने उठले.

छापखानेवाले काका ऐंशीच्या घरातले, इस्त्रीच्या सदऱ्यातले. "मी पिशवीकडे धड पाहिलंही नाही," ते शांतपणे म्हणाले. "रद्दीच ती."

"रद्दी तुमच्याच छापखान्याची होती ना?"

"छे. बेकरीवाला रद्दी कुठून आणायचा, मला काय माहीत? माझ्याकडे तो कधीच आला नाही."

तेवढ्यात ग्रंथपाल बाईंची धांदल उडाली. नोंदवहीच्या पानाची प्रत त्यांनी वहिनींसाठी काढली होती, पण तिच्यावर मारायचा शिक्का सापडेना. डब्यात एकसारख्या मुठीचे आठ शिक्के होते आणि त्या एकेक कागदावर उठवून बघत होत्या. काकांनी हात लांब करून तीन शिक्के उलटे केले, त्यांचं रबर पाहिलं आणि तिसरा पुढे केला. "हा घ्या." बाईंनी तो मारला. काकांनी परत घेतला, पुसला आणि त्याच्या खाचेत सरळ ठेवून दिला.

वहिनींनी काकांचे आभार मानले.

साडेचारला दालन भरलं होतं. शेवटचा दिवस म्हणून जुनी माणसं मुलानातवंडांसह आली होती. स्टुडिओवाले मोठा फोटो घेऊन आले. मुलगी रिकाम्या चौकोनापाशी उभी होती.

"सहा दिवस जी पिशवी कुणाला नको होती," वहिनी म्हणाल्या, "ती दिवा लागल्यावर दोन तासांत गेली. म्हणजे चोराला पिशवी नको होती. दिव्याने जे दाखवलं ते नाहीसं करायचं होतं. दिव्याने काय दाखवलं? बाई म्हणाल्या मुंग्या, स्टुडिओवाले म्हणाले डाग. ते आतलं छापील होतं. पुढच्या पदरातून पाझरलेलं, म्हणून उलटं. उलटं अक्षर आपल्याला डागच दिसतं."

"मग चोराला कसं दिसलं?" भाऊजींनी विचारलं.

"ज्याने आयुष्यभर छपाईचे खिळे जुळवले त्याला उलटंच सुलट दिसतं. शिशाची अक्षरं उलटी असतात, भाऊजी, आणि शिक्क्याचं रबरही. बाई आठ शिक्के उठवून बघत होत्या. काकांनी नुसतं रबर वाचलं."

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका हलले नाहीत.

"टाचण्याही तुम्हीच परत ठेवल्यात," वहिनी म्हणाल्या. "काम झालं की प्रत्येक खिळा आपापल्या घरात टाकायचा. घाईतसुद्धा हात ऐकत नाही. मास्तर आणि बाईंना पिशवी केव्हाही काढता आली असती, त्यांनी दिव्याची वाट कशाला पाहिली असती? स्टुडिओवाल्यांना डागांचा अर्थ कळला असता तर त्यांनी फोटो पुसला असता, मला हसत आणून दिला नसता. राहिलात तुम्ही. आणि तुम्ही एक खोटंही बोललात. बेकरीवाला रद्दी न्यायचा तुमच्याच छापखान्यातून, तुम्ही म्हणालात तो कधी आलाच नाही. पिशवी कुठे आहे?"

"जाळली," काका म्हणाले. "लगेच पेटली."

मुलीने तोंडावर हात ठेवला.

"भाऊजी, आरसा."

भाऊजींनी खिशातला आरसा काढून फोटोसमोर धरला. वहिनींनी मुलीला पुढे बोलावलं. "तू वाच."

तिने वाचायला सुरुवात केली. "'आम्ही खाली सह्या करणारे दुकानदार जागा सोडण्यास संमती देत आहोत.' पुढे तेरा ओळी आहेत. छापखाना, सही. स्टुडिओ, सही. घड्याळाचं दुकान, सही. शिंपी, सही..."

स्टुडिओवाले खुर्चीत बसले. गर्दीतल्या एकाने बायकोचा दंड धरला. मुलगी एकेक दुकान वाचत गेली आणि दर नावाला कुणीतरी खाली बघत गेलं. बारा सह्या झाल्या. तेराव्या ओळीपाशी तिचा आवाज फुटला.

"बेकरी. इथे सही नाही. हाताने लिहिलंय, 'नकार'."

"ते मीच लिहिलं," काका म्हणाले. "नकार लिहिलेला कागद पालिकेला कसा देणार? मग बारा ओळींचा नवा छापला. हा रद्दीत टाकला, आणि त्यानेच ती रद्दी नेली. स्वतःच्या निर्दोषपणाच्या पिशवीत त्याने कुणाला तरी पाव बांधून दिला असता."

"पण त्यांच्यावर का ढकललंत?" मुलीने विचारलं.

"लोक विचारत होते, कुणी केलं. शपथ सगळ्यांनी भर चौकात घेतली होती. एकाला वाईट ठरवलं की बारा जणांना चांगलं राहता येतं. आणि तो बोलला असता तरी आम्ही बारा तोंडं होतो. त्याला ते ठाऊक होतं." काकांनी पेट्यांकडे पाहिलं. "रोज इथे येऊन मी माझ्या दुकानाचं लेबल बघतो. रडू खरंच येतं. त्यात काही खोटं नाही."

"म्हणून तर जास्त वाईट आहे," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी ते कार्ड पेटीतून काढून फाडलं. खिशातून कोरं कार्ड आणि पेन काढलं. त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, मी फसलो. आत्ता नवीन लिहितो. सांग, काय लिहू?"

"तुमच्या अक्षरात नको, मास्तर."

"का गं?"

"शटरवरच्या पाटीवर ओळीच्या शेवटी पान असायचं. इवलंसं. तुमचं कार्ड लागलं त्या दिवशीच मी ओळखलं. पण पुरावा आण म्हणालात, म्हणून पुरावा शोधत बसले."

मास्तरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

तिने स्टुडिओवाल्यांना फोटो उलटवून, वाचता येईल असा पुन्हा काढायला लावला. त्यांनी मुकाट्याने काढून आणला. रिकाम्या चौकोनात तो तिने स्वतः टाचला आणि पुस्तकातही हाच छापायला सांगितला. खाली कार्ड लावलं नाही. वेळ सहापर्यंत वाढवली. लोक येत होते, फोटोत बापाचं, आजोबांचं दुकान शोधत होते, सापडलं की पुढे सरकत होते. टॉकीजच्या तिकिटापाशी पुन्हा रुमाल निघत होते.

परतताना भाऊजींनी केस विंचरले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या आठ महिन्यांत आपला पाव मी मागच्या गल्लीतून आणायचो."

"आणायचात तुम्ही. सांगायचे मी. लोकांचे खोटे दावे पकडायचे आणि घरी येऊन हा खोटा दावा खरा मानायचे."

"तिला सांगायचं का?"

"तिला माहीत आहे. कोणतं गिऱ्हाईक कधी बंद झालं, हे दुकानदाराच्या पोरीला पाठ असतं."

"मग ती आपल्याकडे का आली?"

"बंद न झालेलं गिऱ्हाईक तिला या वस्तीत कुठे मिळणार होतं?" वहिनी म्हणाल्या आणि नव्या रुंद रस्त्याच्या कडेने चालू लागल्या.