पुष्पावतीच्या गळ्यातली पुतळी

मी कोल्हारच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि जुनी नाणी जमवायचो. गावाच्या मते दोन्ही कामं सारखीच रिकामटेकडी. १९७१ च्या चैत्रात शेजारच्या उत्तमरावांची बायको पुष्पावती भर दुपारी आली आणि गळ्यातली पुतळी काढून तिनं टेबलावर ठेवली.

उत्तमरावांनी तिला दुसरेपणावर केली होती. पहिली, भागिरथी, तापानं गेली. मेलेल्या सवतीची पुतळी गळ्यात बांधली म्हणजे ती नव्या बायकोला त्रास देत नाही, ही आपल्याकडची रीत. नवी घडवण्याऐवजी उत्तमरावांनी घरातल्याच एका जुन्या सोन्याच्या नाण्याला कडी लावून घेतली होती.

"ही माझ्याकं बघती, गुरुजी. सवतच हाय का दुसरं कोन? दुसरं असंल तर मी घालनार न्हाई."

मी भिंग लावलं. मागं लंबगोलात येशू, भोवती तारे, कडेनं लॅटिन अक्षरं. व्हेनिसचा डुकाट! माझा आनंद गगनात मावेना. पुस्तकातलं चित्र काढून तिला दाखवलं. पुढच्या बाजूला उभा संत, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राजा, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी.

"हिच्यावर एकच हाय," पुष्पावती म्हणाली.

खरंच. संत होता, काठी होती. गुडघे टेकणाऱ्याची जागा कोरी होती. झिजलं असेल, असं मी म्हणालो. पण शेजारची अक्षरं तर कालच छापल्यासारखी होती.

"पर सवत न्हाई ना?"

"नाही. परदेशी बाबा आहे. खुशाल काढून ठेव."

पढतमूर्ख म्हणतात तो मीच. ती मोकळं हसली. "मग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच," म्हणत गेली.

मी नाण्यावर कागद धरून पेन्सिलीनं ठसा उतरवला आणि नाणं संग्रहाच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी अक्षरं नीट लागावीत म्हणून पुन्हा ठसा घेतला. कोऱ्या जागेत खाली एक बाक आला होता, गुडघ्यासारखा. मी पेन्सिलीला दोष दिला.

तिसऱ्या दिवशी पाठ आली.

चौथ्या दिवशी डोक्यावरचा पदर.

खिडकीतून पुष्पावती दिसत होती. अंगणात कुरडया घालत होती, गुणगुणत होती. जाऊन सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? भूगोलाच्या मास्तरला लाज वाटली. मी गेलो नाही. त्या लाजेबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पुष्पावतीचा तेरावा झाल्यावर उत्तमराव आले.

"घाटावर गुडघ्यावर बसून धुनं धूत हुती. बायांनी हाका मारल्या, तर उठंना. तशीच बसल्याजागी गेल्ती."

मी पेटी उघडून पुढं केली. त्यांनी नाणं उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि दारातल्या उजेडात बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, ते दचकतील.

"बरं झालं," ते म्हणाले. "तिसगावची पोरगी ठरतीय. आता दुसरी घडवाया नको. दोघीबी हायेत हिच्यात."