सहा दहाची खरखर

"गच्चीवरची ही तार आज पाचच्या आत उतरली पाहिजे," इमारतीचे सचिव म्हणाले. "तुमच्या त्या रेडिओमुळे माझ्या बातम्या रोज खरखरतात."

ताई गच्चीच्या दारातच थांबली. मागे तिचा धाकटा भाऊ होता. त्याच्या आवाजावरून सगळे त्याला भोंगा म्हणत. शेजारी खालच्या मजल्यावरची मैत्रीण होती, चष्मी.

"काका, आमचा संच फक्त ऐकतो," ताई म्हणाली. "बोलायला परवाना लागतो. त्याची परीक्षा शनिवारी आहे."

"मग तार परत लावायचं शनिवारनंतर बघू," म्हणत सचिव जिना उतरले.

परीक्षेत मोर्सच्या टिंब-रेघांचा संदेश कानाने ऐकून लिहायचा होता. तार गेली तर सराव गेला. तिघं पळत कोपऱ्यावर गेली. तिथे जहाजकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं जहाजावर बिनतारी यंत्र चालवलेला हा माणूस शाळेला सुट्टी लागल्यापासून त्यांना शिकवत होता.

"भांडत बसू नका," हातातला पान्हा न सोडता काका म्हणाले. "वही काढा."

चष्मीने वही उघडली. काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, सगळं ती लिहून ठेवायची. खरखरसुद्धा.

"सकाळी सहा दहा ते सहा पन्नास. दुपारी चार ते चार चाळीस. रोज."

"म्हणजे आज चारला चोर येणार," काकांनी खिशात मावणारा रेडिओ पुढे केला. "नीट ऐका. आवाज वाढतो तिकडे जायचं नाही. याच्या पोटात आडवी कांडी आहे. तिचं टोक खरखरीकडे झालं की आवाज मरतो. दोन जागांवरून ती दिशा धरा."

चार वाजले आणि खरखर सुरू झाली. भोंगा रेडिओ घेऊन सुटला तो थेट फाटकाजवळच्या शिंप्याकडे. "इथे मोठी येतेय. मशीन बंद करा!"

शिंप्याने मशीन बंद केलं. खरखर चालूच.

"झालं समाधान? माझी बाही लोंबकळत राहिली," शिंपी म्हणाला.

"मोठ्या आवाजामागे मोठा आवाजच धावणार," म्हणत चष्मीने रेडिओ काढून घेतला. तिने तो हळूहळू फिरवला. आवाज मेला, तशी ताईने फरशीवर खडूने रेघ ओढली. मग मागच्या जिन्याकडून दुसरी रेघ. दोन्ही रेघा पुढे नेल्या, तर त्या पंपाच्या खोलीपाशी एकमेकींना भेटत होत्या.

"पाणी चढवायची वेळ!" ताई पुटपुटली. "सहा दहा आणि चार."

खोलीला कुलूप होतं आणि किल्ली सचिवांकडे. चष्मीने क्षणभर विचार केला आणि त्यांचं दार वाजवलं.

"काका, तार उतरवतोय. तुमचा रेडिओ घेऊन खाली येता? खरखर गेली की नाही, तुम्हीच सांगा."

सचिव खुशीत खाली आले. थोड्या वेळाने गच्चीवरून भोंगा ओरडला, "उतरली!" चार गल्ल्यांत ऐकू गेलं.

"याला परवाना कशाला हवा?" तोवर येऊन पोचलेले जहाजकाका म्हणाले.

सचिवांचा रेडिओ मात्र खरखरतच होता. त्यांनी तो हलवला, थोपटला. चष्मीने पंपाच्या खोलीकडे बोट दाखवलं, तशी त्यांनी किल्ली काढली.

दार उघडताच जळका वास आला. पंपाचं बटण जागेवर राहत नव्हतं म्हणून कुणीतरी त्यात पुठ्ठ्याची घडी खोचली होती. तिच्यामागे बारीक ठिणग्या उडत होत्या. सचिवांनी हात पुढे केला.

"हात नको, काका! आधी मेन बंद करा," ताई म्हणाली.

मेन बंद झाला, आणि रेडिओतून बातम्या स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. जहाजकाकांनी पुठ्ठा उपसून उलगडला. कडा काळी पडली होती, पण अक्षरं शाबूत होती: 'गच्चीवर मुलांनी जाऊ नये. – सचिव.'

सचिवांनी लगेच फोन लावला. वायरमन आला, बटण बघून म्हणाला, "आठवडाभरात इथे आग लागली असती. कुणी शोधलं हे?"

"ह्यांनी," सचिव म्हणाले. "आणि खोचलं मी." मग ते स्वतः गच्चीवर गेले आणि भोंग्याबरोबर तार बांधू लागले.

शनिवारी ताईने संदेश एकही अक्षर न चुकता लिहिला. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "शेजाऱ्याने खरखरीची तक्रार केली तर काय कराल?"

"आधी माझा संच बंद करून बघेन. मग वही बघेन," ताई म्हणाली. "आणि मग पुठ्ठा."

परीक्षकांना पुठ्ठा कळेना. तिने सगळं सांगितलं, तसे ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले. "हे पुस्तकात नाही," ते म्हणाले. "असायला हवं."

परवाना आला त्या दिवशी फलकावर नवी सूचना लागली: 'गच्चीवरच्या तारेला कोणीही हात लावू नये. – सचिव.'

भोंग्याने ती मोठ्याने वाचली. "काका, ही तरी कुठे खोचू नका."

"नाही रे बाबा," सचिव म्हणाले, आणि स्टूल घेऊन नव्या बोलत्या संचावरची ताईची पहिली हाक ऐकायला गच्चीकडे निघाले.