सोडलेली जागा

माझ्या नवऱ्याची, रविंद्रची, पाळी सकाळची असली की हिंगण्याच्या कंपनीची बस सहाला चौकातून सुटते. धुणं, भांडी, वरण-भात होईस्तोवर अकरा वाजतात. मग लेक गोपिका जेवून झोपते आणि तिच्या उशाशी बसून मला माझं काम करता येतं. आताही तिथेच बसून लिहिते आहे. तिचा एक पाय मी मांडीवर धरून ठेवला आहे.

काम मारोतरावकाकांचं. महाल भागात, चितारओळीत आमच्या समोरच त्यांचं घर. घराणं मूर्ती घडवणाऱ्यांचं, पण यांनी माती सोडून कागद धरला. वीस वर्षांत मुलांसाठी अकरा पुस्तकं. गोष्टही त्यांची, चित्रंही त्यांचीच. उडणारी कासवं, पाण्याखालची गावं, झाडाच्या पोटातले जिने. १९७३ च्या दिवाळीनंतर बाराव्याला हात घातला तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप होता. म्हणून रंगांचं काम माझ्याकडे आलं.

काळ्या रेघांचं चित्र ते काढायचे. लाल, पिवळा, निळा, अशा प्रत्येक रंगासाठी त्यावर वेगळा ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि जिथे तो रंग हवा तिथे शाई भरायची. प्रेसमध्ये प्रत्येक कागदाचा वेगळा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, बनतो. एवढंच.

शेवटच्या चित्राचे तिन्ही कागद मात्र त्यांनी स्वतः केले होते. मी नुसते तपासत होते. कासवाच्या पायाशी, गवतात, तिन्हींवर एकच जागा कोरी. वीतभर. काळ्या रेघाही तिथे नव्हत्या. मोतीबिंदूमुळे राहून गेलं असेल, मला वाटलं. अर्धवट काम मला पाहवत नाही. मी चार पाती ओढली, शाई भरली, कागद प्रेसला पाठवले.

एप्रिलात पुस्तक छापून आलं. काकांनी आधी शेवटचं पान उघडलं आणि गवतावरून बोट फिरवत राहिले.

"हे कोनं भरलं वं?"

"मी. राहून गेलं होतं न, काका."

"राहून नव्हतं गेलं. ठेवलं होतं."

मी हसले. "मंग सांगाचं होतं न! मले काय सपन पडते?"

ते हसले नाहीत. फळीवरून जुनी पुस्तकं काढून, शेवटची पानं उघडून त्यांनी सतरंजीवर मांडली. अकराही पानांवर एक पांढरी जागा होती. पहिल्यात गुहेच्या तोंडाशी, रांगत्या मुलाएवढी. पुढे उभी. शेवटच्या चार पुस्तकांत चारेक वर्षांच्या मुलाएवढी, आणि तिथून पुढे वाढलेलीच नाही. डोकं, खांदे, अंगापासून जरा दूर धरलेला हात. उमरेडला शाळेत असल्यापासून मी ही पुस्तकं वाचत आले होते. मला ते ऊन वाटायचं.

"कोण आहे हा?"

"मले का माहीत? पहिल्या पुस्तकाच्या टायमाले घरात कोणीतरी फिरून राहिलं होतं. जागा सोडली, तसं फिरणं थांबलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "आता कुठं राहीन तो?"

म्हातारपण, असं म्हणत मी घरी आले.

आठवड्याने गोपिका उंबऱ्यावर एका कडेला सरकून बसायला लागली. मग ताटात अर्धी पोळी ठेवायला लागली. लेकरं करतात असं काहीबाही. मग मे महिन्यात, कूलर नसलेल्या आमच्या खोलीत, तिचा डावा हात माठासारखा गार लागला. उजवा तापलेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि टॉनिक दिलं. रविंद्र म्हणाला, "तू काहून एवढी घाबरून राहिली? खेळते तर आहे पोरगी."

खेळत होतीच. पण हाक मारली की आधी डावीकडे पाहायची, मग माझ्याकडे. रोज थोडी उशिरा. गारठा आधी मनगटापर्यंत होता. आठ दिवसांत दंडाला आला. मग खांद्याला.

मी काकांकडे धावले. त्याला नवी जागा काढून द्यावी म्हणून त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली. कंप आता फारच वाढला होता; रेघ भलतीकडेच गेली.

"माह्यानं होत नाही, पोरी. तूच काढ. गोष्टही तुहीच पाहिजे. नुसत्या चित्रात तो जात नाही."

मी आयुष्यात एकही गोष्ट लिहिली नव्हती. गोपिका झोपली की मी लिहायचे, ती उठली की वही गादीखाली. चार दुपारी लागल्या. विहिरीच्या तळाशी एक गाव असतं आणि तिथे लेकरांना कोणी दुपारचं झोपवत नाही, अशी गोष्ट. चित्रात आंब्याची फांदी, फांदीला झोपाळा. झोपाळ्यावर मी जागा सोडली. एकाच मुलाची, बोटांनी मोजून. दुसरं तिथे बसूच नये.

काल संध्याकाळी शाई वाळली. गोपिकाला मांडीवर घेऊन चित्र दाखवलं.

"त्याले सांग, हे त्याचं घर. आता तिथं राहा म्हण."

ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"एकाचीच जागा आहे, आई."

"हो, बाई. एकाचीच."

तिने समजल्यासारखी मान हलवली.

मग ती डावीकडे वळली.

"तू थांब," ती म्हणाली. "पहिला नंबर माझा."