तोफेआधी बंद झालेला सर्व्हर

अलेक्झांड्रियातल्या त्या औषध कंपनीत सकाळचा पहिला फोन डायलिसिस केंद्राचा आला. ऑर्डर कंपनीला पोचल्याचं त्यांच्या पडद्यावर दिसलं होतं, माल मात्र आलाच नाही. रुग्णांना परत पाठवावं लागलं.

दुपारपर्यंत खापर घादाच्या डोक्यावर फुटलं. आदल्या संध्याकाळी दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद करायचं काम तिचं होतं. रमजानात असली कामं इफ्तारच्या वेळीच उरकतात. रोजा सोडायची तोफ झाली की सारं शहर जेवायला बसतं. व्यवस्थापक रिफअत यांनी तिचंच नाव पुढे केलं आणि तिला आजच कामावरून काढायचं ठरवून टाकलं.

चौकशीला कैरोच्या मुख्य कचेरीतून निहाद आल्या. त्यांनी आधी घादाला बोलावलं.

"कसा बंद केलास?"

"नेहमीसारखा, मॅडम. नव्या ऑर्डरी अडवल्या. आतल्या पुऱ्या झाल्या की तो आपला आपण थांबतो."

"थांबला?"

"हात धुवून आले तर पडदा रिकामा. वाटलं, झालं." "नीट बघायला हवं होतं. त्या रुग्णांचं पाप माझ्याच माथी."

"आतल्या ऑर्डरी पुऱ्या व्हायच्या आधी सर्व्हर मधेच तोडायची मुभा कोणाला?"

"रिफअत उस्ताज आणि माझ्याबरोबर काम करणारा समीह, दोघांनाच. तेही याच खोलीतून."

"खोलीत कोणी आलं होतं?"

घादाने मान खाली घातली. "आठवत नाही."

मग रिफअत आले. पिकलेले केस, ऐसपैस हसू. सगळं ऑफिस त्यांना मानाने 'उस्ताज' म्हणे; सगळ्यांना ते बापासारखे.

"तोफ झाली तेव्हा कुठे होतात?"

"ऑफिसातल्या इफ्तारच्या टेबलाशी. सगळे बसल्याशिवाय मी रोजा सोडत नाही, विचारा कोणालाही. समीह तेवढा रस्त्यात अडकला, तोफेनंतर उगवला. पोरांनी त्याची चांगली फिरकी घेतली."

"आणि घादा?"

"तोफेआधीच माझ्या शेजारी येऊन बसली."

निहाद यांनी घादालाही आत बोलावलं.

"घरी पळायच्या आधी सगळे दुकानदार ऑर्डरी एकदम ढकलतात. काल आत ही मोठी रांग होती. रीतीने थांबायला सर्व्हरला इफ्तारनंतरची नमाज उलटून जाईपर्यंत वेळ लागला असता. घादा तर रिकामा पडदा बघून तोफेआधीच टेबलाशी होती. म्हणजे त्याआधीच कोणीतरी त्याचा गळा दाबला, रांगेतल्या ऑर्डरींसकट. मुभा दोघांना. समीह तेव्हा रस्त्यात होता."

रिफअत यांचं हसू मावळलं.

"सगळे ताटकळले होते," ते म्हणाले. "ही पोर दिवसभर उपाशी, आणि मशीन आपलं थांबा म्हणतंय. म्हटलं, एका बटणाने काय बिघडतंय. सकाळी फोन आला तेव्हा कळलं काय बिघडलं ते. तोंड उघडायची लाज वाटली."

"घादा, तू यांना खोलीतून निघताना पाहिलं होतंस ना?" निहाद यांनी विचारलं.

घादाने डोळे पुसले. ती रिफअत यांच्याकडे वळली.

"पाहिलं होतं. उस्ताज, मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही माझं घेतलंत."