हातभर लांबचा दिवा

एकाच भुंगेऱ्याचे दोनशे अकरा फोटो होते आणि एकातही त्याची पाठ दिसत नव्हती. पाठीच्या जागी नुसता पांढरा चट्टा.

फोटो शर्वीच्या आजोबांनी काढलेले. ते आईचे बाबा, कीटकशास्त्रज्ञ. गावामागच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, हा भुंगेरा जगात दुसरीकडे कुठेही नाही, त्याच्या पाठीवर सात खळगे आहेत, असं ते चार वर्षं जीवजाती मंडळाला लिहीत राहिले. उत्तर ठरलेलं: "खळगे दिसत नाहीत." गेल्या महिन्यात आजोबा वारले. आज संध्याकाळपर्यंत पुरावा गेला नाही, तर सड्यावर जांभा दगड कापणारी यंत्रं चढणार होती.

शर्वीने आईला ओढतच सड्यावर आणलं. बरोबर आजोबांचा यंत्रमानव. कॅमेऱ्यात दोन्ही हात गुंततात, म्हणून फ्लॅश धरायला हा, नावच तिसरा.

पानावर भुंगेरा दिसताच तिसरा मागे सरकला आणि त्याने फ्लॅश लांब धरला.

"हे काय?" आईने विचारलं. ती शहरात दागिन्यांचे फोटो काढायची.

"आजोबांचा हुकूम. हातभर लांब धर, जवळून त्याचे डोळे दिपतील," शर्वी म्हणाली.

आई पानाजवळ उकिडवी बसली. "शर्वी, तळहात लांब धर. आता नाकाशी आण."

"सगळं आभाळच झाकलं!"

"तळहात तोच. दिव्याचंही तसंच. लांबचा दिवा भुंगेऱ्याला टिकलीएवढा. त्याची पाठ आरशासारखी, तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं. टिकलीएवढ्या जागेत सगळा उजेड, म्हणून चट्टा. दिवा जवळ आणला, पुढे विसारक (उजेड पसरवणारा पातळ पडदा) लावला, की तो पडदाच मोठा दिवा होतो. प्रतिबिंब पसरतं, मंद होतं, खालचं सगळं दिसतं."

"पण त्याचे डोळे?"

"लांबून भरपूर उजेड फेकायचा, जवळून थोडाच. त्याच्यापर्यंत पोचतो तो सारखाच. उलट थोडा उजेड म्हणजे फ्लॅशचा क्षणही छोटा. हात हलला तरी फोटो हलत नाही."

शर्वी तिसऱ्यावर उखडली. "चार वर्षं तू गप्प का होतास?"

"त्यांनी विचारलं नाही. धर म्हणाले, मी धरला."

"त्याला नको बोलू," आई म्हणाली. "बाबा प्रत्येक फोटो मला पाठवायचे. मी न उघडताच 'छान' लिहायचे."

आईने डब्यातल्या पोळ्यांचा बटर पेपर काढला, दुहेरी घडी घालून फ्लॅशपुढे कमानीसारखा चिकटवला आणि तिसऱ्याचा हात धरून भुंगेऱ्याच्या अगदी जवळ नेला. शर्वीने बटण दाबलं.

एक, दोन, तीन... सात. सातही खळगे, प्रत्येकाच्या तळाशी निळा थेंब.

फोटो गेला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "पुरावा ग्राह्य. तपासणी होईपर्यंत सडा राखीव. अर्जदाराने उद्या प्रत्यक्ष हजर राहावे."

आई हसली. तसं हसणं शर्वीने कधी ऐकलं नव्हतं. "राहतील हो बाबा हजर. इतकी वर्षं वाट बघत होते, उद्याही राहतील."

शर्वीने आजोबांची वही उघडली. तीत अजून नऊ कीटकांचे फोटो होते. नवांच्याही पाठी पांढऱ्या.

"आई, अर्जदाराच्या रकान्यात आता माझं नाव लिहू?"

"लिही."

पुढच्याच दगडावर दुसरा कीटक चमकला. तिसरा सवयीने मागे सरकू लागला.

"लांब नको रे," आई म्हणाली. "जवळ ये."