आडवी डहाळी

हे कुणाच्या मावशीच्या शेजारणीचं ऐकून लिहीत नाहीये. माझ्याच बाबतीत झालं. तारीखही सांगते, १३ एप्रिल २०२५, रविवार. आणि रात्र नव्हती. डोक्यावर रणरणतं ऊन होतं.

मी रोशनी. नागपूरला मनीषनगरात राहते. आमच्या घरी भूतबित कुणी मानत नाही. बाबांनी लहानपणापासून एकच शिकवलं, कोणी घाबरवलं तर आधी पुरावा माग.

मी अजूनही पुरावाच शोधतेय.

मला एकटीने डोंगर पालथे घालायचा नाद आहे. त्यातही दोन वाटा एकमेकींना जोडायचा. पारशिवनीच्या पुढे दोन टेकड्या आहेत. अलीकडची वाट तलावापासून चढते, ती मला पाठ होती. पलीकडची एका खेड्यात उतरते. मधल्या तीन किलोमीटरचा तुकडा फोनच्या नकाशावर कोराच होता.

तो कोरा तुकडा मला झोपू देत नव्हता.

"एकटी काहून जातं वं? उन्हाचा पारा पाहिला का?" नवरा, प्रशिक, सकाळी कुरकुरला.

"दुपारच्या आत उतरतो मी."

आईचा फोन आला. "उद्या जयंती हाय. काळी पडून येजो नको."

तलावापाशी गाडी लावली तेव्हा साडेसहा झाले होते. पलीकडे उतरून काळीपिवळी जीपने परत यायचं ठरवलं होतं. पाठीवरच्या बॅगेत दोन्ही बाजूंना दोन-दोन लिटरची एकेक बाटली. पाण्याच्या बाबतीत मी महाकंजूष आहे. अर्ध्या तासाला चार घोट, त्याच्यावर एक थेंब नाही.

नऊला माथ्यावर पोचले. पहिली बाटली अर्धी उरली होती. अगदी हिशेबात.

तिथे वाट फुटत होती. डावी परत खाली जात होती. उजवी, म्हणजे मला हवी असलेली...

तिच्यावर पळसाची एक डहाळी आडवी ठेवलेली होती.

पानं अजून मऊ होती. देठाकडच्या टोकावर दगड ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवली होती. मला हसू आलं. म्हटलं, कुणाचा तरी उतारा असणार. ओलांडून जाता आलं असतं. पण मला शहाणपणा सुचला. दगड लाथेने सरकवला, डहाळी उचलली आणि झुडपात भिरकावून दिली.

आणि पुढे निघाले.

उतारावर सगळा साग. एप्रिलमध्ये सागाखाली वाळक्या पानांचा थर असतो. पाय टाकला की पापड चुरल्यासारखा आवाज. वीसेक मिनिटं गेली आणि मला जाणवलं, एकही पाखरू ओरडत नाहीये.

मी थांबले.

माझ्या पावलांचा आवाज थांबला.

आणि मग... मागे एकदा पान चुरलं.

वळून बघितलं. कुणी नाही. सरडा असेल, स्वतःलाच सांगितलं. दहा पावलं चालले, एकदम थांबले.

...चर्र.

एकच. दर वेळी एक पाऊल जास्त.

घशाला कोरड पडली. बॅग पुढे घेऊन बाटली काढली.

बाटली रिकामी होती.

गळली असेल म्हणून बॅग चाचपली. कोरडी ठणठणीत. झाकण तर इतकं घट्ट की दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. माथ्यापासून मी चार घोट प्यायले होते. बाकीचं पाणी कुठे गेलं?

दुसऱ्या बाटलीला मी हातही लावला नव्हता. तीही अर्ध्यावर आली होती.

तेव्हा खरी घाबरले. पारा त्रेचाळीसवर जाणार होता, फोनला रेंज नव्हती, मागे फिरायचं तर अडीच तासांची वाट आणि एक लिटर पाणी. ते संपलं तर मी घरी पोचणार नव्हते, इतकं सरळ होतं ते.

बाटली बॅगेत न ठेवता छातीशी धरली आणि झपाझप उतरायला लागले. मागची पावलंही झपाझप यायला लागली.

एका वळणावर माझ्या उजव्या कानाशी... अगदी जवळ... कुणीतरी कोरड्या घशाने आवंढा गिळला.

मी पळत सुटले.

साडेदहाच्या सुमारास गावाबाहेर एक झोपडी दिसली. दाराशी रांजण होता. बाजूला बसलेला म्हातारा मला पाहून उठला. त्याचं नाव नत्थू, हे नंतर कळलं.

"बसा बाई. उन्हाच्या कुठून येऊन राहिल्या?"

त्याने पेला भरून दिला. मी घटाघटा प्यायले. त्याने दुसरा भरला आणि माझ्या खांद्यावरून मागे धरला.

"घ्या, तुमी पण घ्या."

"बाबा, मी एकटीच आहे."

"मंग हे मागं कोन..."

तो डोळे बारीक करून माझ्या मागे बघत राहिला. पेला हातातून सुटला.

"मनकर्णा?"

माझी मागे बघायची हिंमत झाली नाही.

त्याने विचारलं, "वरची डहाळी कोनं हटवली?"

"मी."

तो मटकन खाली बसला. मनकर्णा त्याची बायको. तीन उन्हाळ्यांपूर्वी मोहफुलं वेचायला माथ्यावर गेली होती.

"दुपारी पानी घेऊन येतो म्हटलं होतं मी," तो खाली बघत म्हणाला. "जेवलो अन् मले झोप लागली, बाई. उठलो त सांज झाली होती. तिथंच पडून होती, वाट फुटते ना, तिथं."

गेल्यानंतरही ती रोज घरी यायची म्हणे. रांजणाशी बसायची.

"कितीही भरलं तरी पुरेच नाही. मंग मीच वाट बंद केली. दोन दिवसाआड नवी डहाळी ठेवतो."

मी म्हटलं, "बाबा, मी जाऊन ठेवते परत." कुठल्या तोंडाने म्हटलं कोण जाणे.

"आता काय उपेग. आता ते इकडं आली." त्याने माझ्यापुढे हात जोडले. "तिले इथं नको सोडू. घेऊन जा बाई तुह्यासोबत. माह्याच्यानं आता पाहवत नाही."

मी उठले आणि पळालेच. काळीपिवळी माणसांनी गच्च भरली होती. तरी माझ्या शेजारची जागा कुणी घेईना. एक बाई बसायला वाकली आणि सरळ झाली. "कोनी बसलं हाय वाटते," म्हणत मागच्या पायरीवर उभीच राहिली.

तलावापाशी राहिलेली गाडी दुसऱ्या दिवशी प्रशिकने आणली. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. बाबा असते तर म्हणाले असते, पुरावा दाखव.

पुरावा एवढाच आहे. संध्याकाळी ओट्यावर भरून ठेवलेली बाटली सकाळी रिकामी असते. झाकण घट्ट, ओटा कोरडा. प्रशिकला वाटतं मीच उठून पिते. सुरुवातीला मी रडायचे. मग एक दिवस वाटलं, इतकं घट्ट झाकण तिला कसं उघडत असेल. तेव्हापासून मी झाकण लावत नाही.

तिची कीव येते. भीतीही तेवढीच वाटते. परत जाऊन तिला माथ्यावर सोडून वाट बंद करावी, असं रोज ठरवते. पण तिथे पाणी नाही, आणि ती वाट पुन्हा एकटीने चालायची माझ्यात हिंमत नाही.

आधी एक बाटली पुरायची.

दिवाळीपासून दोन ठेवते. गेल्या आठवड्यात तिसरी भरली.

आज सकाळी तिन्ही रिकाम्या होत्या.