अकरा दिवसांची फीत

आजोबा मला लहानपणापासून भिंगरी म्हणतात. माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत, हे खरंच आहे. त्या मंगळवारी मी गणवेशाच्या दुकानात शिरले तीसुद्धा वाऱ्यासारखी. काचेचं दार मागे धाडकन आपटलं, हातातला पत्र्याचा डबा उघडला आणि आजोबांची दोन पदकं फरशीवर पडली. एक जागीच थांबलं. दुसरं घरंगळत थेट काउंटरखाली!

काउंटरमागचा तरुण सरळ फरशीवर आडवा झाला. हात आत घालून त्याने पदक काढलं, आणि उठायचं सोडून पडल्या पडल्या खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"अहो, सापडलं ना? मग उठा की."

"थांबा. कड वाचतोय."

"कसली कड?"

"पदकाची. सगळे चेहरा बघतात. माणूस कडेला कोरलेला असतो." तो उठला. शर्टाला धूळ, केसांत दोऱ्याचा तुकडा, आणि डोळे... जाऊ दे. डोळ्यांचं नंतर.

दुकान त्याच्या मामांचं. मामा गणवेश शिवायचे आणि हा पदकांना नव्या फिती लावून द्यायचा. तेही येत्या रविवारपर्यंतच. सोमवारी तो दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात नोकरीवर रुजू होणार होता. हे सगळं मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, कारण मी विचारलं. विचारायची काही गरज होती का? नव्हती.

मी काम सांगितलं. रविवारी आजोबांच्या पलटणीचा मेळावा होता. दरवर्षी ते एकच पदक लावून जायचे. दुसरं मला परवा ट्रंकेच्या तळाशी सापडलं, मोज्यात गुंडाळलेलं. म्हटलं, दोन्ही शेजारी शेजारी लावून घेऊ आणि आजोबांना चकित करू.

"बघा." त्याने भिंग माझ्या हातात दिलं. बघायला वाकावं लागलं, दोघांनाही. त्याच्या बोटांना पितळ घासायच्या पॉलिशचा वास होता. कडेवर आधी नंबर, मग 'ना.', मग आजोबांचं नाव, मग पलटणीची आद्याक्षरं. दुसऱ्या पदकावरही हेच सगळं. फक्त 'ना.'च्या जागी 'शि.'.

"ना. म्हणजे नाईक, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे," मी म्हटलं. "शि. म्हणजे काय... शिंपी?"

"शिंपी माझे मामा. हा शिपाई." तो हसला, आणि मग त्याने हसू आवरलं. "मोहिमेच्या वेळी जो हुद्दा असेल तो कोरतात. आणि हे शिपायाचं पदक... नंतरचं आहे. एका वर्षाने."

नाईक आधी. शिपाई नंतर. मला समजायला जरा वेळ लागला. आजोबांच्या दंडावरची हुद्द्याची फीत कुणीतरी काढून घेतली होती.

"का?" माझा आवाज उगाचच चढला.

"कारण कोरत नाहीत," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं असेल तर शपथ. मी कवळ्या बनवते, दातांच्या दवाखान्यात. बुधवारी मी एका बाईंचा पुढचा दात मागे बसवला. घरी आजोबा विचारत होते, "भिंगरे, बिनसलंय का काही?" आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शाळेत असताना मी मैत्रिणीची पेन्सिल घरी आणली, तर याच माणसाने मला हाताला धरून भर उन्हात ती परत करायला नेलं होतं. मग यांनी काय केलं असेल? चोरी? की मोहिमेतून पळ काढला असेल?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा दुकानात.

"ते 'शि.' घासून टाका. तिथे 'ना.' कोरा."

"नाही."

"केसभर तर घासायचं! मी रोज घासते."

"काय?"

"दात. लोकांचे. माझ्याकडे यंत्र आहे. तुम्ही नाही केलंत तर मी करीन."

त्याने पदक चटकन मुठीत घेतलं, लहान मुलाला रस्त्यावरून मागे ओढावं तसं. "कड घासली की पदकात काही उरत नाही. तुमचे आजोबा तिथे होते, त्याची खूण आहे ही. शिपाई म्हणून का होईना... होते."

"तुमचं काय जातंय? सोमवारी तुम्ही इथे नसणार."

"म्हणूनच तर—" तो थांबला. फितीची दोन टोकं उगाच जुळवत बसला.

"म्हणूनच तर काय?"

"काही नाही. आजोबांनाच विचारा."

"नाही विचारवत मला."

"मग शनिवारी पदकं मी घरी घेऊन येतो. तुम्ही एकट्या नसाल."

मी तणतणत बाहेर पडले. इतका राग आला होता, आणि त्या रागातच माझ्या लक्षात आलं की मी सोमवारला किती दिवस उरले ते मोजतेय. शुक्रवारी परत गेले. फितीचा रंग बघायला, म्हटलं. रंग तर ठरलेला असतो, मोहिमेप्रमाणे. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी त्याने फीत माझ्या तळहातावर ठेवली आणि आम्ही दोघं बराच वेळ ती बघत राहिलो.

शनिवारी संध्याकाळी तो आला. आजी सुईदोरा घेऊन आजोबांच्या कोटाला बटण लावत होती. आजोबांनी त्याने आणलेली पदकांची पेटी उघडली आणि दुसऱ्या पदकापाशी त्यांचा हात थांबला.

"हे कुठलं हो? कधी पाहिलं नाही," म्हणत आजीने ते उचलून चष्म्याजवळ नेलं. ती लग्नाआधी वाचनालयात काम करायची. बारीक अक्षर दिसलं की वाचलंच पाहिजे. "शि... शिपाई? तुम्ही तर नाईक होतात."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग भिंतीकडे. "रजेवरून अकरा दिवस उशिरा गेलो. फीत काढली. पुढे परत मिळाली."

"कुठल्या रजेवरून?"

आजोबा पेटीचं झाकण उगाच उघडझाप करू लागले. आजीच्या हातातली सुई तशीच राहिली. "...त्या वर्षीच्या?"

"रजा संपली त्याच दिवशी तुला वाचनालयात पहिल्यांदा पाहिलं. कसा जाणार होतो?"

"रोज एक पुस्तक न्यायचात..."

"एकही उघडलं नाही."

"आणि पंचावन्न वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"तू म्हणाली असतीस, माझ्यापायी झालं. म्हणून मोज्यात ठेवलं."

आजीने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. डोळे भरले होते, पण आवाज अगदी खणखणीत. "माझ्यापायी कसलं? मी पहिल्याच दिवशी हो म्हणाले असते! विचारलंत केव्हा? दहाव्या दिवशी. तोवर नुसते मूग गिळून उभे!"

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. आजीने दोन्ही पदकं स्वतःच्या हाताने कोटावर लावली आणि 'शि.'वरून एकदा अंगठा फिरवला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घासून टाकायला निघाले होते मी ते!

त्याला सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. तो एक पायरी उतरला आणि थांबला. भिंग काढून पुसू लागला. ते स्वच्छच होतं.

"सोमवारी रुजू व्हायचंय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी... अकरा दिवस उशिरा गेलो तर?"

"कशासाठी?"

"एक विचारायचंय. धीर गोळा करायला दहा दिवस लागतील. अकरावा प्रवासाचा."

आता डोळ्यांचं सांगते. ते वर बघत होते, माझ्याकडे, आणि त्यांत इतकी धाकधूक होती की मला हसू आलं आणि रडूही. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय एका जागी उभे होते.

"एक दिवससुद्धा उशीर करायचा नाही," मी म्हटलं. "फीत जाईल तुझी. माझं हो आहे. आता विचार."

मग त्याने विचारलं.